‘ते’ की ‘तो’?

हे पुस्तक लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यापाशी अडलो. ‘वॉल्टर व्हाइट हे शाळेत रसायनशास्त्र शिकवतात’ असं लिहायचं, की ‘वॉल्टर व्हाइट हा शाळेत रसायनशास्त्र शिकवतो’? इंग्रजीत या माणसावर ढिगाने लेख निघाले, पुस्तकं निघाली, पण त्या लेखकांना हा प्रश्न पडलाच नसणार. त्यांच्याकडे एकच सर्वनाम संतालाही चालतं आणि खुन्यालाही. मराठीत तशी सोय नाही. ‘ते’ किंवा ‘तो’ म्हटलं, की आपण त्या माणसाला कुठे बसवलं हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

मी एकोणतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. शिक्षकाला एकेरीत संबोधायची जिभेला सवय नाही. म्हणून ‘ते’ लिहिलं आणि पुढे निघालो. पुढे मुद्रितं आली, तेव्हा मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी एका पानावर पेन्सिलीने गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं : ‘इथपर्यंत ते, इथून पुढे तो. एकसारखं करावं.’ मी मागची-पुढची पानं उलटून पाहिली. बाईंचं बरोबर होतं. माझ्या नकळत एका परिच्छेदात आदर गळून पडला होता आणि पुढच्या दीडशे पानांत तो परत आला नव्हता. मी ती दुरुस्ती केली नाही. का केली नाही, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ‘ब्रेकिंग बॅड’ अमेरिकेत एएमसी या वाहिनीवर २० जानेवारी २००८ रोजी सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी संपली. पाच पर्वं, ६२ भाग. निर्माता-लेखक व्हिन्स गिलिगन. याआधी तो ‘द एक्स-फाइल्स’साठी लिहीत असे. ती मालिका संपल्यावर हाताशी फारसं काम नव्हतं. तेव्हा जुना सहकारी टॉमस श्नॉझ याच्याशी फोनवर बोलताना, फिरत्या गाडीत अमली पदार्थ बनवत हिंडावं काय, अशी थट्टा निघाली आणि त्या थट्टेतून वॉल्टर व्हाइट जन्मले. नाव अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीतलं आहे; सरळ वाट सोडून दांडगाई करायला लागणं, असा त्याचा भाव. आपण ‘पोरगं वाया गेलं’ म्हणतो. इथे पन्नाशीचा बाप वाया गेला आहे.

गिलिगनने ही कल्पना अनेक ठिकाणी नेली. बऱ्याच जणांनी नको म्हटलं. त्याला जे करायचं होतं ते दूरचित्रवाणीच्या रिवाजाविरुद्ध होतं. मालिकेतलं पात्र वर्षानुवर्षं तसंच राहायला हवं, कारण प्रेक्षक त्या ओळखीसाठी परत येतो. गिलिगनला मात्र मिस्टर चिप्सचा स्कारफेस होताना दाखवायचा होता. मिस्टर चिप्स हे जेम्स हिल्टनच्या १९३४ च्या कादंबरीतले प्रेमळ, म्हातारे होत गेलेले शिक्षक, आणि स्कारफेस हा १९८३ च्या चित्रपटातला कोकेनचा सम्राट. या वाक्याचा उल्लेख सगळेच करतात, पण त्यातल्या स्कारफेसवरच बोलतात. त्यात आधी एक शिक्षक आहे, याकडे फारसं कोणी थांबत नाही. माझं सगळं पुस्तक त्या शिक्षकाविषयी आहे.

पहिल्या भागातला वर्गाचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन, मोजलेलं नाही. न्यू मेक्सिको राज्यातलं आल्बुकर्की शहर, सरकारी शाळा. व्हाइट सर फळ्यापाशी उभे आहेत. फिकट रंगाचे कपडे, विरळ मिशी. ब्रायन क्रॅन्स्टन या नटाने तो निस्तेजपणा मुद्दाम घडवून घेतला होता. ते मुलांना विचारतात, रसायनशास्त्र म्हणजे कशाचा अभ्यास? मग स्वतःच सांगतात : पदार्थांचा म्हणतात, पण मी म्हणेन बदलाचा. टेबलावर बर्नर पेटलेला आहे. हातातल्या बाटलीने ते ज्योतीवर फवारा मारतात आणि ज्योत रंग बदलते. त्या क्षणी त्यांचा चेहराही बदलतो. इलेक्ट्रॉन पातळी बदलतात, रेणू बंध बदलतात, सगळं जगणं हेच आहे, असं ते भान हरपून बोलत राहतात. मागे एक मुलगा शेजारच्या मुलीशी गप्पा मारतोय. सर त्याला जागेवर जायला सांगतात, तर तो खुर्ची फरशीवरून करकरत ओढत नेतो. सर गप्प उभे राहतात. मग पुस्तक उघडायला सांगतात, आणि आवाज पुन्हा विझलेला.

फ्लेम टेस्ट मीही दरवर्षी दाखवत आलो. तांब्याचा हिरवा, स्ट्रॉन्शियमचा लाल, सोडियमचा पिवळा. मुलं क्षणभर पुढे झुकतात. तेवढ्या क्षणासाठी शिक्षक वर्षभर शिकवतो, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो आहे. म्हणून तो खुर्ची ओढल्याचा आवाज मला सहन होत नाही. त्याच संध्याकाळी सर दुसऱ्या नोकरीवर, गाड्या धुण्याच्या ठिकाणी, गुडघ्यांवर बसून एका चकचकीत गाडीचं चाक पुसत असतात, आणि गाडी असते त्याच मुलाची. घरी बायको गरोदर आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. भिंतीवर एक पाटी लावलेली आहे : १९८५ साली नोबेल मिळालेल्या संशोधनात यांचा हातभार होता, असं सांगणारी. पन्नासावा वाढदिवस नुकताच झालेला, आणि फुप्फुसाचा कर्करोग निघतो, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला.

इथपर्यंत पाहणारा प्रत्येक जण सरांचा असतो. त्यांचा साडू हँक अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी आहे. तो एका धाडीला त्यांना सोबत नेतो. तिथे खिडकीतून उडी मारून पळणारा पोरगा त्यांना ओळखीचा वाटतो : जेसी पिंकमन, त्यांचा नापास झालेला विद्यार्थी. सर जेसीला गाठतात. तुला धंदा माहीत आहे आणि मला रसायन माहीत आहे. दोघं एक जुनी फिरती गाडी घेऊन वाळवंटात मेथॅम्फेटामाइन बनवू लागतात, ज्याला तिकडे नुसतं मेथ म्हणतात. कुटुंबासाठी चार पैसे मागे ठेवायचे आणि मरायचं, असा हिशेब.

तिसऱ्या भागात सर पहिल्यांदा आपल्या हातांनी माणूस मारतात. क्रेझी एट नावाचा विक्रेता तळघरात खांबाला बांधलेला आहे, गळ्याला सायकलचं कुलूप. सर त्याच्यासाठी सँडविच करतात, पावाच्या कडा काढून. मग पिवळ्या कागदावर दोन रकाने आखतात, मारावं आणि मारू नये. ‘मारू नये’च्या खाली भली मोठी यादी. ‘मारावं’च्या खाली एकच ओळ : सोडला तर घरातल्या सगळ्यांना मारेल. तळघरात जिना उतरताना त्यांना भोवळ येते, बशी फुटते. शुद्धीवर आल्यावर दोघं बसून बोलतात. निघतं असं, की त्या पोराच्या वडिलांच्याच दुकानातून सरांनी आपल्या मुलासाठी पाळणा घेतला होता. सर त्याला सोडायचं ठरवतात, किल्ली आणायला वर जातात. आणि कचऱ्याच्या डब्यातले बशीचे तुकडे टेबलावर जुळवतात. एक लांब, टोकदार तुकडा नाही.

तो तुकडा कुठे आहे हे त्यांना कळतं, आपल्यालाही कळतं. पुढे जे होतं ते करताना ते रडत रडत माफी मागत असतात. एवढं होऊनही माझ्या खर्ड्यात ते ‘ते’च आहेत. तपासून पाहिलं, आणि मला ते बरोबरही वाटतं. त्या माणसाने निर्णय टाळायचा होता तेवढा टाळला, समोरच्याच्या सुटकेसाठी कारणं शोधली, आणि शेवटी भयाने मारलं. तो खून आहेच. पण त्यात अजून एक शिक्षक शिल्लक आहे, जो वहीत रकाने आखून उत्तर शोधतो.

पेन्सिलीचा गोल आहे तो पाचव्या भागाच्या प्रकरणात.

एलियट श्वार्ट्झ हा वॉल्टर यांचा महाविद्यालयातला मित्र. दोघांनी मिळून ग्रे मॅटर नावाची कंपनी काढली होती. वॉल्टर लवकरच बाहेर पडले. आता एलियट आणि त्याची बायको ग्रेचेन, जिच्यावर एकेकाळी वॉल्टर यांचं प्रेम होतं, अफाट श्रीमंत आहेत. एलियटच्या वाढदिवसाला वॉल्टर आणि त्यांची बायको जातात. आजाराची बातमी कळल्यावर एलियट नोकरी देऊ करतो, चांगल्या विम्यासकट. पुढे ग्रेचेन फोन करते : उपचाराचा सगळा खर्च आम्ही करू, तो पैसा तुझाही आहे. ती मनापासून बोलते आहे. वॉल्टर तिला सांगतात, विम्याचं काम झालं, गरज नाही. घरी बायकोला सांगतात, एलियट पैसे देतोय. दोन्हीकडे खोटं. आणि त्याच संध्याकाळी जेसीच्या दारात उभं राहून विचारतात, बनवूया का?

इथून पुढे मी ‘तो’ लिहितो.

क्रम नीट पाहावा अशी वाचकांना विनंती आहे. तिसऱ्या भागात त्याने माणूस मारलेला आहे. या धंद्याची किंमत काय ते त्याच्या हातांना माहीत झालं आहे. त्यानंतर, पाचव्या भागात, समोर स्वच्छ वाट उघडते, आणि तो ती नाकारतो. तिसऱ्या भागात दुसरी वाट दिसत नव्हती असं म्हणता येईल. पाचव्या भागात तसं म्हणता येत नाही. अमेरिकेत आरोग्यविमा नीट असता तर ही मालिका पहिल्याच भागात संपली असती, असं पुष्कळ जण म्हणतात. तिथल्या विम्याची कथा दारुण आहे यात शंका नाही. पण या माणसापुरतं ते खरं नाही. त्याच्या हातात विमा ठेवला होता. त्याने तो खाली ठेवला, कारण देणारा एलियट होता.

पुढे अनेक ठिकाणी हे उघडं होतं. दुसऱ्या पर्वात, बेपत्ता झाल्याचं खोटं निभावताना, तो रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाला आपली कहाणी ऐकवतो : वर्षाला ४३,७०० डॉलर पगार, गरजेपेक्षा कितीतरी जास्त शिकलेला शिक्षक, सगळे मित्र आणि सहकारी पुढे निघून गेले. खोटं पटवण्यासाठी त्याने जे सांगितलं ते सगळं खरं होतं. आणि पाचव्या पर्वात तो जेसीला सांगतो, की ग्रे मॅटरमधला आपला वाटा त्याने ५,००० डॉलरला विकला होता. आज कंपनीची किंमत २१६ कोटी डॉलर आहे, आणि हा आकडा तो दर आठवड्याला पाहतो. दर आठवड्याला. कर्करोगाच्या आधीपासून ही गाठ वाढत होती.

‘मुलाबाळांसाठी केलं’ हे वाक्य आपण मराठी घरांत इतक्यांदा ऐकलं आहे, की कोणी ते म्हटलं तर पुढे चौकशी करणं अशिष्ट वाटतं. वॉल्टर याच अशिष्टपणाच्या भीतीवर पाच पर्वं जगतो. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला तो मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज, महागाई सगळं धरून आकडा काढतो : ७ लाख ३७ हजार डॉलर. एवढे मिळाले की थांबायचं. पुढे त्याची बायको स्कायलर त्याला एका भाड्याच्या गोदामात नेते. तिथे नोटांचा पलंगाएवढा ढीग आहे. किती आहेत ते तिलाही माहीत नाही, मोजणं तिने केव्हाच सोडलं. ती त्याला विचारते, आणखी किती? हा प्रश्न एवढ्या सरळपणे विचारणारी मालिकेत ती एकटीच आहे.

आणि प्रेक्षकांनी राग धरला तो तिच्यावर. खुन्यावर प्रेम आणि त्याला अडवणाऱ्या बायकोचा द्वेष, इतका, की ही भूमिका करणाऱ्या ॲना गन या अभिनेत्रीने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. पात्राविषयीचा द्वेष वळून तिच्यावर, माणसावर आला होता. त्या भूमिकेसाठी तिला २०१३ आणि २०१४ असे दोनदा एमी पुरस्कार मिळाले, पण राग गेला नाही. माझ्याच ओळखीच्या घरांत मी हे ऐकलं आहे : ‘बाई सारखी किटकिट करते.’ नवरा चोरून विष बनवतो, घरात खुनी माणसं येतील अशी परिस्थिती आणतो, आणि किटकिट बाईची. या पुस्तकातलं स्कायलरवरचं प्रकरण सगळ्यात मोठं झालं आहे. ते तसंच ठेवलं.

आता नायक-प्रतिनायकाच्या परंपरेविषयी दोन शब्द, कारण अशा पुस्तकात ते अपेक्षित असतात. वाईट माणसाला केंद्रस्थानी ठेवून वर्षानुवर्षं मालिका चालवता येते, हे अमेरिकेत डेव्हिड चेसच्या ‘द सोप्रानोज’ने सिद्ध केलं, १९९९ ते २००७, ८६ भाग. मागोमाग ‘द शील्ड’, ‘द वायर’, ‘डेक्स्टर’ आल्या. आपल्याकडे रंगभूमीवर १९६२ पासून ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे होताच, आणि प्रभाकर पणशीकरांच्या लखोबासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. पण लखोबा वेष बदलतो, माणूस तोच राहतो. टोनी सोप्रानोही मानसोपचार घेत घेत शेवटी होता तिथेच आहे. वॉल्टर आतून बदलतो, आणि पहिल्या तासात फळ्यापाशी उभा राहून त्याने बदलाचाच धडा दिलेला असतो.

रसायनाविषयी मला विचारणारे खूप. डोना नेल्सन या ओक्लाहोमा विद्यापीठातल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मालिकेला सल्ला देत असत. पुढे २०१६ साली त्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. त्यामुळे फळ्यावरच्या रचना, तोंडची नावं बहुतेक नीट आहेत. पदार्थ बनवण्याची कृती मात्र मुद्दाम अपुरी ठेवली आहे. प्रसिद्ध निळा रंग हा कथेचा भाग. शुद्ध मेथ निळं नसतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच आणि चिनी माती खातं हे खरं, पण दुसऱ्या भागात ते न्हाणीघराची जमीन फोडून खाली येतं तसं होत नाही. एवढं पुरे. मला रसायनापेक्षा ते शिकवण्याची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते.

कारण वॉल्टर शिकवणं कधीच सोडत नाही. दुसऱ्या पर्वातला एक भाग आहे : दोघं वाळवंटात अडकले आहेत, गाडीची बॅटरी संपली आहे, पाणी संपत आलं आहे. वॉल्टर खोकताना रक्त पडतं. मग त्याला सुचतं. नाणी, जस्ताचा मुलामा असलेले खिळे-नट, ब्रेक पॅडमधलं ग्रॅफाइट आणि मर्क्युरिक ऑक्साइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवलेले स्पंजचे तुकडे. ॲनोड कोणता, कॅथोड कोणता, मधून काय वाहतं, हे तो जेसीला विचारत विचारत सेल उभे करतो. आता हे जोडायला कोणतं मूलद्रव्य लागेल, असं तो विचारतो. उत्तर तांबं, जेसी आनंदाने म्हणतो, वायर! मरायला टेकलेला शिक्षक विद्यार्थ्याकडे पाहतो, आणि त्या नजरेत वैताग आहे तेवढीच माया आहे. त्या चाळीसेक मिनिटांत माझ्या मनात पुन्हा ‘ते’ येतं. लिहीत मात्र नाही.

जेसीला पहिल्या पर्वाच्या शेवटी मारून टाकायचं असा गिलिगनचा मूळ बेत होता. जेसीची भूमिका करणाऱ्या ॲरन पॉलचं काम पाहून तो बदलला. त्या बदलामुळे मालिकेला तिचा विद्यार्थी मिळाला. पहिल्या पर्वात जेसी आईवडिलांच्या घरी जातो आणि जुन्या सामानात त्याला शाळेतली रसायनशास्त्राची उत्तरपत्रिका सापडते. नापासाचा शेरा, आणि खाली व्हाइट सरांच्या अक्षरात लाल शाईने : हास्यास्पद, जरा लक्ष घाल. मी आयुष्यात असे शेरे किती लिहिले असतील. ते कागद कोणी जपून ठेवतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या शेऱ्याशेजारी मी तिसऱ्या पर्वातला एक प्रसंग ठेवतो. व्यसनमुक्तीच्या बैठकीत जेसीला विचारलं जातं, पैसा अडचण नसती तर तू काय केलं असतंस? तो आधी काहीतरी टोलवतो. मग शाळेतल्या सुतारकामाच्या तासाची आठवण सांगतो. लाकडी डबी करायची होती. त्याने कशीबशी एक करून दिली. शिक्षकांनी ती पाहिली आणि शांतपणे विचारलं, तुला याहून चांगलं जमत नाही? रागावले नाहीत, टोमणा मारला नाही, नुसतं विचारलं. मग जेसीने दुसरी केली, तिसरी केली, आणि शेवटी पेरूच्या अक्रोडाची, झेब्रावुड जडवलेली, हात फिरवला तर कुठे खडबडीतपणा लागणार नाही अशी एक डबी. सांगताना त्याचे हात हवेत त्या डबीचा आकार धरतात. डबीचं काय केलंस, असं विचारल्यावर आधी म्हणतो, आईला दिली. मग सांगतो, नाही, गांजाच्या बदल्यात देऊन टाकली.

दोन शिक्षक, एकच विद्यार्थी. एकाने अपमान लिहिला, दुसऱ्याने प्रश्न विचारला. ज्याने प्रश्न विचारला त्याला आपण कधीच पाहत नाही. जेसीला आयुष्यभर पुरला असता असा तो प्रश्न होता, पण त्याच्या वाट्याला आले व्हाइट सर.

आणि वॉल्टरने जेसीचं काय केलं, ते मोजूनच सांगायला हवं. दुसऱ्या पर्वात जेसी आणि त्याची मैत्रीण जेन हेरॉइनच्या नशेत झोपलेले असताना वॉल्टर घरात येतो. तो जेसीला हलवून उठवायला पाहतो, त्यात जेन उताणी होते, उलटी तिच्या घशात अडकते. वॉल्टर झपकन पुढे होतो, आणि थांबतो. तिला कुशीवर वळवायला दोन सेकंद लागले असते. तो उभा राहून पाहतो, रडतो, आणि पाहत राहतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी, तो जेसीला गेल या निरुपद्रवी रसायनज्ञाला गोळी घालायला लावतो. दार उघडतं तेव्हा जेसीच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. चौथ्या पर्वात जेसीच्या जिवाला लागलेल्या एका लहान मुलाला तो विषारी वनस्पती देववतो. पाचव्यात जेसीला गुंडांच्या ताब्यात देतो, आणि नेलं जात असताना त्याला सांगतो, जेन मरताना मी पाहत होतो, वाचवू शकत होतो, वाचवलं नाही. हे सांगण्याचा कोणताही उपयोग नव्हता. फक्त दुखवायचं होतं.

आमच्या घरी या चारांवरून अजून वाद होतो. माझी पत्नी म्हणते, जेनच्या रात्री तिने त्या माणसाला मनातून काढून टाकलं. मुलगा म्हणतो, लहान मुलाला विष दिलं तिथे. माझं उत्तर वर दिलंच आहे. तिघांची उत्तरं वेगळी यावीत अशीच ती मालिका लिहिलेली आहे.

पण हे सगळं ज्याच्या अंगावर घडलं त्याचं उत्तर आणखी वेगळं आहे, आणि ते मला मुद्रितांच्या वेळी, त्या पेन्सिलीच्या गोलामुळे, पहिल्यांदा नीट ऐकू आलं. जेसी वॉल्टरला ‘वॉल्ट’ म्हणत नाही. दोघं एकत्र गुन्हे करतात, मारामारी करतात, एकमेकांच्या जिवावर उठतात, तरी तो म्हणत राहतो ‘मिस्टर व्हाइट’. अखेरच्या पर्वात तो पोलिसांना जाऊन मिळतो. हँकसमोर तो वॉल्टरला सैतान म्हणतो, आणि ते सांगतानाही नाव घेतो ‘मिस्टर व्हाइट’. शाळेतल्या बाकावर बसून जे म्हणायची सवय लागली, ती सैतान म्हणतानाही सुटली नाही. याचं मराठी एकच होतं : ‘व्हाइट सर’. म्हणून या पुस्तकात जेसीचे जे संवाद मराठीत सांगितले आहेत त्यांत त्याने वॉल्टरला सगळीकडे ‘सर’ आणि ‘तुम्ही’च म्हटलं आहे, शिव्या देतानासुद्धा. एका मित्राने सुचवलं की निदान शेवटी तरी त्याला ‘तू’वर येऊ दे. मी नाही म्हटलं.

शेवटच्या भागात वॉल्टर स्कायलरला कबूल करतो, की हे सगळं त्याने स्वतःसाठी केलं, त्याला आवडत होतं, आणि त्यात तो निष्णात होता. का केलं याविषयीचं, ६२ भागांतलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य. जेसीविषयी तो असं काही बोलत नाही. त्याला सोडवतो, आणि प्रयोगशाळेत जाऊन मरतो. त्याच भागात आपल्याला जेसी दिसतो : उबदार उजेड, भुसा, हातात ती अक्रोडाची डबी, तो ती छातीशी धरतो. मग साखळीला हिसका बसतो आणि कळतं, तो कैदेत मेथ बनवतो आहे.

वाचकांना एक विनंती आहे. पुस्तक वाचण्याआधी पहिला भाग पाहा, निदान वर्गाच्या प्रसंगापर्यंत. मग वाचायला घ्या, आणि वॉल्टर व्हाइटविषयी घरात कोणाशी बोलाल तेव्हा तोंडून ‘ते’ येतं की ‘तो’, याकडे लक्ष ठेवा. ज्या पानावर ते बदलेल तिथे पेन्सिलीने गोल करा. त्यासाठी प्रकाशकांना सांगून समास रुंद ठेवून घेतला आहे. आणि तुम्ही शिक्षक असाल, तर आज तपासायच्या गठ्ठ्यातल्या सर्वांत खालच्या उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाला एकदा बोलावून विचारा, तुला याहून चांगलं जमत नाही?